पाठ लावायची नाही

यंदा गुऱ्हाळं उशिरा पेटली. पाऊस दिवाळी ओलांडूनही रेंगाळत राहिला, शिवारात चिखल, उसात माणूस शिरेना. आणि तेवढे वीस-पंचवीस दिवस मी सुखात काढले. मग परवा सकाळी दार उघडलं नि तो वास आला. उकळत्या रसाचा, थोडा गोड, थोडा करपट. उचगावात ज्याचा जन्म गेला त्याला हा वास आला की भूक लागते. मला गेली सहा वर्षं तो आला की दार लावून घ्यावंसं वाटतं. बायको म्हणते, "अवो, गुळाचा वास हाय, गॅसचा न्हवं." चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

वासाच्या मागोमाग बाकीचं सगळं येतंच. उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, त्यांच्यावरची छातीत धडधडणारी गाणी, रस्त्यावर सांडलेली उसाच्या हिरव्या शेंड्यांची वाडं आणि ती ओढायला थांबलेल्या म्हशी. आणि पहाटेच्या धुक्यातून रस्त्याच्या कडेनं पळणारी भरतीची पोरं. पूर्वी ती पळताना एकमेकांना शिव्या देत पळायची, आता कानात काहीतरी खोचून गुमान पळतात, पण बुटांचा आवाज तोच. मी राजारामपुरीतल्या एका शाळेत एकतीस वर्षं क्रीडाशिक्षक होतो. त्यामुळे आवाजावरून मला कळतं, कुणाची टाच आधी पडते आणि कुणाचा दम कुठल्या वळणावर संपणार आहे. पोरं कधी दारात येतात. "मास्तर, जरा या की पटांगणावर, बघा आमचं." मी सांगतो, आता गुडघे साथ देत नाहीत. गुडघे माझे ठणठणीत आहेत. मी शिकवणंच सोडलंय.

सहा वर्षांपूर्वीच्या अशाच हंगामात रणजित सुट्टीवर आला होता. रणजित म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा मुलगा. अक्काचं सासर राधानगरीकडं, धरणाच्या वरच्या अंगाला. तिथं पावसाळ्यात शाळा कमी आणि सुट्ट्याच जास्त, म्हणून पाचवीला तिनं त्याला माझ्याकडं आणून सोडला. सोबत तुपाचा डबा, नाचणीचं पीठ आणि एकच वाक्य: "ह्याला मानूस कर." मी त्याला माझ्या शाळेत घातला आणि गावच्या तालमीतही घातला. पोरगं सरळ. सांगकाम्या नव्हे, पण मामानं सांगितलं की विषय संपला, अशा जातीचं. पुढं तो फौजेत गेला, पायदळात. तीन-चार वर्षांनी दोन महिन्यांची सुट्टी घेऊन आला आणि जेवताना म्हणाला, "मामा, मी पॅराशूटला नाव दिलंय. सुट्टी संपली की आग्र्याला जायाचं."

"म्हंजी इमानातनं उडी मारायची?" बायकोच्या हातातली पळी आमटीतच राहिली.

"पाच उड्या मारल्या की छातीवर पंख लावत्यात, मामी," तो म्हणाला. हे सांगताना तो लाजला, जणू स्वतःच्या लग्नाचं सांगत होता.

त्याच्याजवळ चार घड्या घातलेला एक कागद होता. त्याच्या पलटणीतल्या एका उस्तादानं, म्हणजे शिकवणाऱ्या हवालदारानं, लिहून दिलेला. रोज इतकं पळायचं, पाठीवर इतकं वजन, इतके पुल-अप्स, दोर चढायचा, मान आणि पोटऱ्या तयार करायच्या. आणि सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित करून, पडायचा सराव. मी तो कागद चष्मा लावून वाचला आणि खालचं अधोरेखित वाचून मला हसू आलं. पडायला काय सराव करायचा?

ते दिवस सुखाचे होते, हे लपवण्यात अर्थ नाही. चुकीची गोष्ट सांगायला बसलं की माणूस मागचं सगळंच काळं रंगवतो; पण मला आठवतो तो रणजितच्या अंगातून निघणारा वाफारा. पाठीवरच्या पिट्ठूत वाळू भरून तो पुढं पळायचा आणि मी मफलर गुंडाळून, स्कूटरवर, शिट्टी तोंडात धरून मागं. महामार्गाच्या पुलापर्यंत जाऊन परत. वाटेत ऊसतोडीच्या बायका कोयते थांबवून बघायच्या. "पावणं, पोराला बसवा की गाडीवर!" असं ओरडायच्या. मग तालमीत दोर, चिंचेच्या फांदीला पुल-अप्स, आणि शेवटी बैठका. हजार बैठका. मी आकडे मोजायचो आणि सातशेच्या पुढं त्याच्या मांड्या थरथरायला लागल्या की आवाज चढवायचो. घामानं त्याच्या पायाखालची फरशी ओली व्हायची. घरी आल्यावर ज्वारीची भाकरी, काकवी आणि वर अक्काच्या घरचं तूप. मला वाटायचं, एकतीस वर्षं मी जी शिट्टी फुंकली ती याच पोरासाठी. स्वतःला फौजेत जायचं होतं, छाती दोन बोटं कमी भरली म्हणून परत पाठवलं होतं. ती दोन बोटं मी त्याच्या छातीत बघत होतो.

पडायच्या सरावाला जागा मिळाली ती गुऱ्हाळावर. रस काढून झाल्यावर उसाची जी चिपाडं उरतात, ती वाळवायला मागं पसरतात. त्यांचा हातभर जाडीचा थर होता. शेजारी एक रिकामी ट्रॉली लावलेली. रणजित ट्रॉलीच्या फळीवर उभा राहिला. दोन्ही पाय एकमेकांना चिकटवले, गुडघे थोडे वाकवले, हनुवटी छातीला टेकवली आणि उडी मारली. चवडे टेकले न टेकले तोच तो एका अंगावर कलंडला. पोटरी, मांडी, कुल्ला आणि मग पाठ. चिपाडावर पाठ टेकवून तो गडगडत पलीकडं गेला.

रस उकळायच्या काहिलीजवळ आप्पा गुळव्या उभा होता. रस केव्हा उतरवायचा हे ठरवणारा माणूस म्हणजे गुळव्या. गुऱ्हाळावर त्याचा शब्द शेवटचा, आणि आप्पाची जीभ त्याच्या कडकडत्या काहिलीसारखी. तो ओरडला, "मास्तर, भाचा चितपट झाला की ओ!"

भट्टीत जळण सारणारे, ऊस घाण्यात घालणारे, सगळे खदाखदा हसले. रणजितही हसला. मी हसलो नाही.

ज्यानं कधी लंगोट कसला नाही त्याला हे सांगून कळणार नाही. आमच्याकडं कुस्तीत हाड मोडलेलं चालतं, कान फुटून गड्ड्यासारखा झालेला मिरवला जातो. पण पाठ मातीला लागली की संपलं. पहिल्या दिवशी वस्ताद दुसरं काही शिकवत नाही. वर फेकला गेलास तर हवेतल्या हवेत अंग फिरव, पालथा पड, हात टेक, पाय फाकून तोल धर, पण पाठ लावायची नाही. हे डोक्यात राहत नाही, पायात उतरतं. आणि माझ्या बाबतीत तर त्याला आणखी एक पदर होता. विशीत असताना अक्काच्या सासरच्या जत्रेत मी कुस्ती धरली होती. तिचे सासरे, दीर, सगळा गाव बघायला. सव्वा मिनिटात माझी पाठ लागली. अक्का बायकांच्या घोळक्यात उभी होती; तिनं पदर डोळ्याला लावला की नाकाला, ते मला नीट दिसलं नाही. त्यानंतर मी परत लंगोट घातला नाही. घालायला सांगत मात्र राहिलो, दुसऱ्यांना.

"पाठ लावालाईस व्हय रं?" मी रणजितला म्हणालो. "हेच शिकवलं मी तुला?"

"मामा, तिथं असंच पडाय लागतंय. पाय जोडून. सगळं वजन एका हाडावर येऊ द्यायचं न्हाय म्हणून अंग वाटून द्यायचं."

"फौजेत काय बी शिकवूदेत. पडायचं कसं ते मला शिकवू नगंस. पायात बळ न्हाय त्यो पडतोय. तुज्या मांड्या बघ. उभा ऱ्हा!"

"जमीन अशी सरळ येत न्हाय, मामा. वारं ओढतंय."

"पाय भक्कम असतील तर वारं काय करतंय?"

हे वाक्य मी बोललो. भर सकाळी, सात-आठ माणसांच्या देखत, कमरेवर हात ठेवून. रणजितनं एकदा चिपाडाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं, आणि म्हणाला, "बरं." त्याला पटलं नव्हतं. पटलं असतं तर माझा गुन्हा जरा हलका झाला असता. त्यानं ऐकलं ते मामा म्हणून ऐकलं.

पुढचे तीन आठवडे मी त्याचे जोडलेले पाय सोडवले. पवित्रा घेऊन उभं राहतो तसे पाय फाकून उडी मारायला लावली. उतरायचं आणि रोवून उभं राहायचं. कलंडला की पुन्हा वर. पहिल्या आठवड्यात तो दहातल्या पाच वेळा कलंडायचा, तिसऱ्यात एकदाही नाही. धप्प आवाज यायचा, चिपाडाचा भुसा उडायचा आणि रणजित खांबासारखा उभा. मग आप्पा गुळव्या काहिलीवरून हात वर करायचा. "आता कसं! मास्तरांचा भाचा शोभतोय!" गडी टाळ्या वाजवायचे, आणि मी चेहरा कोरा ठेवून म्हणायचो, "अजून एक." हातभर मऊ चिपाड होतं खाली. आमचं सगळं चुकीचं त्यानं पोटात घातलं. फरशी असती तर पहिल्याच दिवशी माझी अक्कल ठिकाणावर आली असती. तो चार घड्यांचा कागद मात्र मी एकदा गमतीनं भट्टीत टाकला. रणजितनं हात पुढं केला होता, मग मागं घेतला.

तो गेला, हंगाम संपला, गुऱ्हाळं विझली. आग्र्याहून दोनदा फोन आला. पहिली उडी झाली, दुसरी झाली. मी गल्लीत पेढे वाटले. तिसऱ्या उडीच्या दिवशी फोन त्याचा आला नाही, त्याच्या मित्राचा आला. डावा पाय. नडगी आणि घोटा, दोन्ही. हाडात पट्ट्या घालाव्या लागणार होत्या. दोन दिवसांनी रणजित स्वतः बोलला. आवाज औषधानं जड झालेला. मी काही विचारायच्या आत म्हणाला, "वारं होतं, मामा."

फोन ठेवल्यावर मी अंगणात येऊन उभा राहिलो. माझे पाय नेहमीसारखे फाकलेले होते, आणि ते माझ्या लक्षात आलं.

पाच उड्यांपैकी दोनच झाल्या, त्यामुळे पंख काही मिळाले नाहीत. बरा होऊन तो परत आपल्या पलटणीत गेला, पण धावपळीच्या कामाला अपात्र म्हणून भांडारात. चादरी, बूट, पिट्ठू यांच्या राशीत. नोकरी आहे, पगार आहे, लग्न झालं, मुलगी आहे. नातेवाईक म्हणतात, देवानं थोडक्यात सोडवलं. मीही मान डोलावतो.

या सहा वर्षांत मी माझ्या बाजूनं वकिली खूप केली. तिथल्या उस्तादांनी दोन आठवडे रोज त्याचे पाय जुळवून घेतलेच असतील. पहिल्या दोन उड्या नीट झाल्याच की. वारा खरंच असेल. दुसऱ्यांचीही हाडं मोडतातच तिथं. अशी सगळी बाजू मांडून झाली की मी सुटतो, आणि मग आंघोळ करताना किंवा रिक्षाची वाट बघताना एक साधा प्रश्न येतो: जमीन अंगावर येत असताना, त्या शेवटच्या क्षणी, शरीर कुणाचं ऐकतं? दोन आठवड्यांच्या उस्तादाचं, की ज्याच्या धाकात वाढलो त्या मामाचं? एकतीस वर्षं मी पोरांना हेच सांगत आलो होतो की सराव आयत्या वेळी विचारून येत नाही.

खरं तर मला अंदाज करायची गरजच उरली नव्हती. अपघातानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात अक्काच्या घरी गेलो होतो. बाहेर पाऊस असा की शेजारचं घर दिसेना. रणजित पुढच्या सोप्यात शेजाऱ्याशी बोलत होता आणि मी आतून चहाची कपबशी घेऊन येत होतो. "शेवटच्या घटकंला पाय फाकलं ओ," तो हसत सांगत होता. "डोकं म्हणालंय जोड, जोड, आन पाय ऐकंनात. तालमीतलं पाय." तेवढ्यात त्यानं मला दारात बघितलं. लगेच म्हणाला, "पर वारं बी लई होतं." शेजाऱ्याला तो बदल कळलाही नाही. मी कपबशी त्याच्यापुढं ठेवली आणि पावसाकडं बघत राहिलो. तेव्हा बोलायला हवं होतं. नाही बोललो. पडलो तरी नाक वर, ही आमच्या घराण्याची रीत.

अक्काला यातलं काही ठाऊक नाही. तिची तक्रार वेगळीच. "फौजेत जाऊन ह्यो सायेब झालाय," ती म्हणते. "पाटावर म्हणून बसत न्हाय. जेवाय खुर्ची, देवाम्होरं खुर्ची, पोरीसंगं खेळाय बी खुर्ची." मीही बघितलं होतं. आमच्याकडं आला की तो एकतर उभा तरी असतो, नाहीतर खुर्चीत. "बस की खाली," म्हटलं तर म्हणतो, "उभाच बरा हाय, मामा." मला वाटलं, सवय.

यंदा तो पंधरा दिवसांच्या सुट्टीवर आलाय आणि मुक्काम आमच्याकडं आहे. गुऱ्हाळ पेटलं त्याच दिवशी भरतीची पोरं दारात आली. मी गुडघ्यांचं तोंडपाठ कारण सांगायच्या आत रणजित आतून म्हणाला, "चला, मी येतो." मीही मागोमाग गेलो. का गेलो ते सांगता येत नाही.

गावच्या शाळेच्या पटांगणावर दगडी स्टेज आहे, कमरेएवढं. पळणं, पुल-अप्स झाल्यावर रणजितनं पोरांना तिथं उभं केलं आणि पडायला शिकवायला लागला. भरतीत हे कुणी विचारत नाही. पण तो म्हणाला, आधी पडायला शिका, बाकीचं कुणीबी शिकवंल. खाली मऊ काही नव्हतं, नुसती कोरडी माती. अक्कानं ज्याला माणूस करायला माझ्याकडं सोडलं होतं, तो स्वतः उडी मारत नव्हता. हातानं दाखवत होता. पाय जोड. गुडघा ढिला. कोपरं आत. पोरांमधला एक तालमीतला होता, मानेवरून कळत होतं. त्यानं उडी मारली आणि पाय फाकून झोकात उभा राहिला. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या नगोत," रणजित म्हणाला. आवाज चढवला नाही. "पडला का न्हाईस?"

"पाठ कशी लावायची, सर?" पोरगा म्हणाला, आणि आधारासाठी माझ्याकडं बघितलं. गावात माझं नाव अजून आहे. "मास्तर, सांगा की."

सगळे माझ्याकडं बघत होते. गुळाचा वास वाऱ्यावर येत होता. मी रणजितजवळ गेलो आणि म्हणालो, "चुकलं रं माझं."

"काय?"

"तुजा पाय."

"ठाऊक हाय की," तो म्हणाला.

"मग एवढी वर्सं बोलला का न्हाईस?"

"बोलून काय, हाड सरळ झालं असतं?" तो म्हणाला. "तुमी शिकवाय सोडलासा, तवाच कळलं मला, की तुमाला बी ठाऊक हाय."

मी चप्पल काढली. स्टेजवर चढायची ताकद होती, पण मी तेवढा मूर्ख राहिलो नाही. सगळ्यात खालच्या पायरीवर उभा राहिलो. वीतभर उंची. पाय जोडले. त्रेसष्ट वर्षांत बहुतेक फक्त शाळेच्या प्रार्थनेला मी असे पाय जोडले असतील. खाली बघितलं आणि खरं सांगतो, भीती वाटली. हाडांची नाही. चाळीस वर्षांपूर्वीची जत्रा, तो सगळा गाव, पदर कुठं लावला ते न दिसलेली अक्का.

"कोपरं आत घ्या, मामा," रणजित म्हणाला. "हनुवटी खाली. आन आडवू नगा."

मी उतरलो. पाय आपोआप सुटायला बघत होते, ते मी दाबून धरले. मांडी टेकली, कुल्ला टेकला, आणि मग पाठ. सगळी पाठ, दोन्ही खांदे, पंचांनी शिट्टी मारावी अशी. वर आभाळ होतं, धुकं वितळून फिकट झालेलं. पोरं हसली नाहीत. मातीचे खडे शर्टातून टोचत होते आणि मला उठायची घाई वाटेना.

रणजित हात द्यायला पुढं आला. माझ्याजवळ येऊन तो खाली बसला, उकिडवा, बैठकीला बसतात तसा. इतक्या वर्षांत माझ्यासमोर पहिल्यांदाच. उजवा पाय नीट वाकला. डावा घोटा वाकला नाही. त्या पायाची टाच जमिनीपासून चार बोटं वर राहिली आणि थरथरायला लागली, सातशे बैठकांनंतर मांड्या थरथरायच्या तशी. ती टेकवायची तो खटपट करत होता आणि ती टेकत नव्हती. उभ्यानं मला ती कधी दिसली नसती.

"उठा, मामा," तो म्हणाला. "माती गार हाय."